परदेशात गेल्यावर ओटीपी येत नाही: नाशिक सोडण्याआधीच सोडवायची अडचण

अशोक स्तंभाजवळच्या आमच्या मोबाइलच्या दुकानात मी रोज बसते. दिवाळीनंतर आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यात एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. फोन अमेरिकेहून असतो, सिंगापूरहून असतो, कधी रॉटरडॅमहून. समोरचं माणूस घाबरलेलं असतं. "ताई, इंटरनेट चालू आहे, व्हॉट्सॲप चालू आहे, पण बँकेचा ओटीपीच येत नाही."

आणि मला बहुतेक वेळा सांगावं लागतं की काका, हे काम आता तिथून होणार नाही, इथूनच करून जायला हवं होतं. हे सांगताना फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

परदेशी जाताना लोक दुकानात येतात आणि विचारतात, "तिकडे चालेल असं सिम द्या." त्यांच्या मनात एकच काम असतं, ते म्हणजे इंटरनेट. पण फोन आपल्यासाठी दोन वेगळी कामं करतो. एक इंटरनेटचं. दुसरं तुमच्या भारतीय नंबरचं, ज्यावर बँक, आधार, पेन्शन, गॅस, विमा, सगळं जोडलेलं आहे. इंटरनेट जगात कुठेही विकत मिळतं, हॉटेलच्या वायफायवर तर फुकट मिळतं. तुमचा नंबर मात्र तुमच्या सिमवरच चालतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते: परदेशात असताना तुमच्या या नंबरवर कोणाकोणाचे मेसेज यायला हवेत? त्याचं उत्तर मिळालं की पुढची निवड सोपी होते.

ओटीपी न येण्याची कारणं

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे भारतीय सिम बंद करून ठेवलेलं असतं. कोणीतरी सांगतं, "रोमिंगचं बिल हजारोंनी येतं, सिम काढूनच टाक." मग लोक तिकडचं सिम ट्रेमध्ये घालतात आणि आपलं सिम पाकिटात कागदाच्या पुडीत जातं. किंवा सेटिंगमध्ये जाऊन ती लाइनच बंद करतात. भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. भलंमोठं बिल येतं ते मुख्यतः डेटाचं, आणि पॅक नसताना केलेल्या किंवा घेतलेल्या कॉलचं. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. तरी आपल्या कंपनीचा त्या देशासाठीचा दर ॲपमध्ये एकदा वाचून घ्यावा. तेव्हा भारतीय सिम चालू ठेवायचं, त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं आणि त्यावर आलेला कॉल उचलायचा नाही. फोन करणाऱ्याला व्हॉट्सॲपवर बोलवायचं. कॉल फॉरवर्ड लावलेला असेल तर तो निघण्याआधी सेटिंगमधून काढून टाका, कारण न उचललेला कॉल पुढे वळला की त्याचे पैसे लागू शकतात.

दुसरं कारण: रोमिंग सुरूच केलेलं नसतं. सिम फोनमध्ये आहे, लाइन चालू आहे, पण कंपनीकडे आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद. अशा वेळी तिकडचं नेटवर्क तुमच्या सिमला दारातच उभं करत नाही. तुम्ही विमानातून उतरून फोन चालू केलात की तिथलं नेटवर्क तुमच्या भारतातल्या कंपनीला विचारतं, हा गिऱ्हाईक तुमचा का, याला आत घेऊ का? कंपनीचा होकार आला तरच नाव नोंदलं जातं, आणि नोंद झाली तरच भारतातून निघालेल्या एसएमएसला कळतं की हा फोन सध्या कुठल्या देशात कुठल्या नेटवर्कवर आहे. नोंद नसेल तर मेसेज भारतातच पडून राहतो. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं, त्यामुळे तो मागाहून आला तरी कामाचा नसतो.

आपल्या प्रत्येक कंपनीचे करार प्रत्येक देशात नसतात, हेही लक्षात ठेवा. प्रीपेडचे करार पोस्टपेडपेक्षा कमी देशांत असू शकतात. म्हणून ॲपमध्ये देशाचं नाव टाकून, आपला नंबर प्रीपेड आहे की पोस्टपेड हे सांगून, तपासूनच घ्यावं.

तिसरं कारण मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचं. व्हॅलिडिटी संपते. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: "मी रोमिंगचा पॅक मारला आहे ना?" रोमिंगचा पॅक हा वरचा मजला झाला. खालचा मजला म्हणजे आपला नेहमीचा रिचार्ज, तो संपला की आधी आउटगोइंग बंद होतं आणि काही दिवसांनी इनकमिंगही. इंदिरानगरच्या एक काकू मुलीच्या बाळंतपणाला टेक्सासला गेल्या होत्या. २८ दिवसांचा रिचार्ज होता, तो दुसऱ्याच महिन्यात संपला. मुलीच्या घरच्या कामात कोणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची वेळ आली, तेव्हा समजलं की नंबरच शांत आहे.

त्यातला नियम असा. ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल, तर कंपनी तो प्रीपेड नंबर बंद करू शकते. २० रुपये किंवा जास्त असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात. हा विचार मनात आला की मी गिऱ्हाइकाशी थोडं कडक बोलते, त्याबद्दल लोकांनी रागावू नये.

उपाय स्वस्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं बंधनकारक केलं, शिवाय अशा खास प्लॅनची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यामुळे आता वर्षभराच्या आसपास चालणारा बिनडेटाचा रिचार्ज मिळतो. ज्येष्ठांना परदेशी पाठवताना मी हाच मारून देते. डेटाचे पैसे इथे भरून उपयोग काय, तो तिकडे चालणारच नाही. वर ५०-१०० रुपये साधा बॅलन्स टाकते आणि सांगते, महिन्यातून एक एसएमएस इकडे पाठवत जा. त्याचे काही रुपये कापले जातील ते जाऊ द्या, नंबर वापरात राहतो.

चौथं कारण दिसायला लहान, पण त्यात माणूस पुरता अडकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी सिम बदलणं. सिम खराब झालं म्हणून नवं घेतलं, किंवा ई-सिम करून घेतलं, म्हणजे प्लॅस्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवलं जाणारं सिम. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्या नंबरचे एसएमएस रोखून ठेवले जातात. दूरसंचार विभागाचा तसा आदेश आहे, आणि तो योग्य आहे, कारण चोर दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून खाती रिकामी करत होते. पण तुमचं विमान त्या २४ तासांत असेल तर सहार विमानतळावर उभं राहून कार्ड चालत नाही, ओटीपी येत नाही, असा प्रसंग येतो. जुलै २०२४ पासून आणखी एक नियम आहे: सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. म्हणून सिमचं जे काही करायचं ते निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी करा.

सिम कोणाच्या नावावर आहे?

याला वेगळा मथळा दिला, कारण यातून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. पंचवटीतल्या एका मावशींचा फोन परदेशात चोरीला गेला. दुसरं सिम काढायला मुलगा इथे दुकानात आला, तर नंबर निघाला त्याच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन चार वर्षं झाली होती. डुप्लिकेट सिमला ज्याच्या नावावर नंबर आहे त्याची ओळख पटावी लागते. मावशी परत येईपर्यंत काहीच करता आलं नाही. आल्यावरही कागदपत्रांचे हेलपाटे झाले ते वेगळेच.

आपल्या घरांत आईचा नंबर मुलाच्या नावावर, सुनेचा सासऱ्यांच्या नावावर, हे सर्रास असतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येतं. त्यात आपला नंबर दिसत नसेल तर तो दुसऱ्या कोणाच्या नावावर असू शकतो. कंपनीकडे खात्री करा आणि तसं असेल तर तिकीट काढण्याआधी नावबदल करून घ्या. प्रवासाच्या इतर कशापेक्षाही मी हे काम आधी करायला सांगते.

मग इंटरनेटसाठी काय घ्यावं

तीन वाटा आहेत. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक, तिकडचं स्थानिक सिम, आणि प्रवासासाठीचं ई-सिम. चार-पाच दिवसांची दुबई किंवा बँकॉकची सहल असेल, बरोबर म्हातारी माणसं असतील, तर रोमिंग पॅक घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण नंबर तोच, सेटिंग तेच आणि डोक्याला ताप कमी. पंधरा दिवसांच्या वर राहायचं असेल तर तिकडचं सिम किंवा ई-सिम परवडतं.

रोमिंग पॅकमधली मोठी खाच म्हणजे तो नेमका कधी सुरू होतो. काही पॅक रिचार्ज केल्या क्षणी सुरू होतात, काही परदेशी नेटवर्क पकडल्यावर. परदेशी नेटवर्कवर सुरू होणारा पॅक घेतलात आणि अमेरिकेला जाताना दोहा किंवा अबू धाबीला विमान बदलायचं आहे, तर तिथे फोन चालू केल्याबरोबर पॅकचा पहिला दिवस मोजायला सुरुवात. आणि तो देश पॅकच्या यादीतच नसेल तर पॅकबाहेरचा दर. म्हणून मधल्या थांब्यावर फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि विमानतळाच्या वायफायवरून घरी कळवा.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी तर यादी बोटाने वाचावी. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्या दराने चालतं, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. आपले द्राक्षवाले बागायतदार आणि निर्यातदार फेब्रुवारीत बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनाला जातात, मधे रॉटरडॅमला माल पाहतात. त्यांनी नेदरलँड्समध्ये घेतलेलं सिम जर्मनीत बिनधास्त चालतं. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. ब्रिटनही आता नाही. आपल्याकडच्या सहलींत पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली असा क्रम असतो. बर्फात फोटो काढले, लगेच घरच्या ग्रुपवर टाकले, आणि सिम त्या देशात चालत नव्हतं किंवा वेगळ्या दराने चालत होतं. दिंडोरीच्या एका भाऊंचं असंच झालं. पॅकवर 'युरोप' हा शब्द छापलेला होता, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. नाव वाचू नका, देशांची यादी वाचा.

स्थानिक सिम घ्यायचं तर बऱ्याच देशांत पासपोर्ट लागतो, आणि विमानतळावरच्या काउंटरपेक्षा शहरातल्या दुकानात बऱ्याचदा स्वस्त मिळतं. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी बहुतेक सिम फक्त डेटाची असतात, त्यावर साधा कॉल होत नाही. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलणं तिथल्या नेटवर्कवर चालत नाही, परवाना असलेलं वेगळं ॲप घ्यावं लागतं. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही बंद आहेत, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ते चालतात. कारण रोमिंगचं इंटरनेट सहसा तुमच्या भारतातल्या कंपनीकडून फिरून येतं. चीनला मालाच्या खरेदीला जाणाऱ्या सातपूरच्या कारखानदारांना मी याच कारणाने रोमिंग पॅकच घ्यायला सांगते, महाग असला तरी.

ई-सिमबद्दल लोक हल्ली खूप विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: तिकडच्या इंटरनेटला ई-सिम आणि आपल्या भारतीय नंबरला प्लॅस्टिकचं सिम. प्लॅस्टिकचं सिम फोन बिघडला तर पिनने काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालता येतं. ई-सिम चुकून डिलीट झालं, तर ते परत घेण्यासाठी लागणारा ओटीपी त्याच नंबरवर जातो, आणि तो नंबर तर आता फोनमध्ये नाही. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून, अशी गत. परदेशात बसून यातून सुटका फार अवघड.

याला एक अपवाद करावाच लागतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला, २०२२ च्या आयफोन १४ पासून, सिमचा ट्रेच नाही. मुलगा सुट्टीत येतो, वडिलांना हौसेने असा फोन देतो, आणि वडील सिम घालायला जागा शोधत दुकानात येतात. तिथे भारतीय नंबर ई-सिम करण्यावाचून इलाज नाही. तेव्हा तो वेळेत करा, २४ तासांचा नियम लक्षात ठेवा आणि सेटिंगमधल्या 'ई-सिम काढा' या ओळीला हात लावू नका. तिकडून आणलेला फोन तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हेही पाहा. लॉक असेल तर दुसरं कुठलंच सिम घेत नाही. आपल्या फोनमध्ये ई-सिम चालतं का, हे कळायला डायलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, त्याच्याबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर चालतं.

प्रवासी ई-सिम कुठून घेता तेही बघा. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नव्हतं म्हणून जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या विदेशी ई-सिम कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली होती. परवाना असलेल्याकडूनच घ्या, आणि घरी वायफायवर असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवा. क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनने तो स्कॅन करायला अडचण होते, म्हणून तो मुलाच्या फोनवर उघडावा किंवा छापून घ्यावा.

ई-सिम टाकलं, तरी नेट नाही

ही माझ्याकडे येणारी दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. कारण जवळजवळ नेहमी एकच. आपण लोकांना बजावून सांगतो, "डेटा रोमिंग बंद ठेवा." ते प्रामाणिकपणे दोन्ही सिमचं बंद ठेवतात. पण प्रवासी ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणजे ते स्वतःच तिथे पाहुणं असतं. त्याला डेटा रोमिंग चालू लागतं. तेव्हा नीट वाचा: भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, प्रवासी ई-सिमचं चालू, आणि मोबाइल डेटासाठी निवडलेली लाइन ई-सिमची. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते, ती बंद करा. नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमकडे वळू पाहतो. एवढं करूनही नेट आलं नाही, तर ई-सिमबरोबर आलेल्या कागदातलं एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीसाठी त्या कंपनीने दिलेलं नाव, सेटिंगमध्ये हाताने भरा.

नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप विचारतं, नंबर बदलायचा का? 'नाही' म्हणा. जुनाच नंबर ठेवला तरी ते कुठल्याही नेटवर चालतं.

ओटीपी येत नसेल तर तिथे बसून काय करावं

घाईने सेटिंग उलटसुलट करू नका. आधी बघा, भारतीय सिमसमोर नेटवर्कचं नाव दिसतंय का. 'नो सर्व्हिस' किंवा 'फक्त आणीबाणी' असं दिसत असेल, तर फ्लाइट मोड मिनिटभर लावून काढा, मग फोन बंद करून चालू करा. तरी काही नाही, तर नेटवर्क निवडण्याच्या सेटिंगमधलं 'ऑटोमॅटिक' बंद करा. फोन आसपासची नेटवर्क शोधतो, त्याला चार-पाच मिनिटं लागतात, धीर धरा. यादीतलं एक निवडा, तिथे नाकारलं तर दुसरं. एका देशातल्या सगळ्या कंपन्यांशी आपल्या कंपनीचा करार नसतो, तिसऱ्या प्रयत्नात लागलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट आडवी येते. तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. म्हणजे कॉलसाठी व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, हवं, आणि भारतात घेतलेला प्रत्येक फोन तिथल्या प्रत्येक कंपनीच्या व्होल्टी यादीत नसतो. ऑस्ट्रेलियातही ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी गेलं, आणि फोरजीवरून आणीबाणीचा कॉल न लागणारा फोन तिथलं स्थानिक सिम टाकल्यावर नेटवर्क अडवू शकतं. जुना फोन घेऊन जाणार असाल तर तिकडच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल तपासा आणि व्होल्टीची कळ चालू ठेवा.

नेटवर्कचं नाव दिसतंय आणि तरी ओटीपी नाही, तर घरच्या माणसाला साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो आला तर सिम ठीक आहे, दोष बँकेकडे नोंदवलेल्या नंबरमध्ये किंवा मेसेजच्या स्पॅम फोल्डरमध्ये शोधा. तोही आला नाही तर इथल्या माणसाने कंपनीच्या ॲपमध्ये व्हॅलिडिटी आणि रोमिंग तपासावं. मुदत संपली असेल तर रिचार्ज इथूनही मारता येतो. हा आजार दुरून बरा होतो.

बँकेला फोन करायचा तर १८०० चा नंबर परदेशातून सहसा लागत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा, +९१ ने सुरू होणारा नंबर आधीच कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. घरचे नंबरही फोनमध्ये +९१ लावून साठवा. काही बँका ईमेलवरही ओटीपी पाठवतात, तुमची पाठवत असेल तर ईमेल पत्ता बरोबर आहे ना हे शाखेत जाऊन पाहून या.

यूपीआयचं मात्र आणखी एक कुलूप आहे. ॲप पहिल्यांदा सुरू होताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. तेव्हा तिकडे जाऊन नवा फोन घेतला आणि त्यात यूपीआय सुरू करायला गेलात, तर तो एसएमएस रोमिंगमधून जायला हवा, त्याला बॅलन्स लागतो आणि कधीकधी तो पोहोचतच नाही. मुलाने नवा फोन दिला तर खुशाल घ्या, पण परत येईपर्यंत बँकेची कामं जुन्याच फोनवर ठेवा.

जहाजावर जाणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. सिंगापूरहून क्रूझ घेणारे पुष्कळ आहेत. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क दिसू लागतं आणि फोन ते पकडतो. ते जमिनीवरच्या साध्या पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या फोनमधला डेटा चालू राहिला, आणि रात्रीत फोटोंची बॅकअप झाली. सहलीहून परत आल्यावर त्या घरात पहिला विषय बिलाचा होता. जहाजावर चढताच फ्लाइट मोड लावा. सीमेजवळही असंच होतं, सिंगापूरच्या वुडलँड्स भागात फोन समोरच्या मलेशियाचं नेटवर्क पकडू शकतो.

निघायच्या आठवड्यात एका संध्याकाळी हे सगळं करून टाका. मला दर हंगामात दोन-तीन फोन तरी गाडी इगतपुरी ओलांडून गेल्यावर येतात, "ताई, पॅक मारायचा राहिला." कसारा घाटात रेंज येते-जाते, पैसे कापले जातात आणि पॅक चालू झाल्याचा मेसेज येत नाही. तिकडे उतरल्यावर, विमानतळाच्या वायफायवर असतानाच, बँकेच्या ॲपमध्ये ओटीपी लागेल असं एखादं छोटं काम मुद्दाम करून बघा. तिथेच अडलं तर निवांतपणे सोडवता येतं. बिल भरायच्या शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

आणि परत आल्यावर मुंबईला फोन चालू केला, तर 'नो सर्व्हिस'. घाबरू नका. तिकडे तुम्ही नेटवर्क हाताने निवडलं होतं, फोन अजून तेच शोधतो आहे. ते पुन्हा ऑटोमॅटिकवर टाका, मिनिटभरात आपलं नेटवर्क येतं, आणि गाडीवाल्या दादांना फोन लावता येतो.